बर्फाच्या पेटीतले रंग

शिरोड्याला आमच्या मागल्या पडवीत मी कापडं दोऱ्याच्या गाठींनी बांधून, नक्षी उठवून रंगवते. सुती ओढण्या, अभ्रे, कधी कुणाचा कुर्ता. रंगाची भुकटी कोरडी राहिली तर वर्षभर टिकते, पण एकदा पाण्यात कालवली की तिचा जोर उतरायला लागतो. फ्रीजमध्ये आठवडाभर चालते. बाहेर, आमच्याकडच्या दमट उकाड्यात, लवकरच नुसतं रंगीत पाणी उरतं. कापडावर चढतं ते, पण पहिल्याच धुण्यात निघून जातं. धुण्याचा सोडा तर मी रंगात आधी घालूनच ठेवत नाही. त्याने रंग एका दिवसात मरतो. सोड्याच्या पाण्यात मी कापड भिजवून घेते.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यावरून माझं आणि सासूबाईंचं वाजायचं. बाटल्या मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवत असे, वर मोठ्या अक्षरांत ‘रंग’ लिहून. तरी त्या म्हणायच्या, “गो, खावच्या वस्तूंत ह्यां विख कित्याक?” त्यांचं बरोबरच होतं. पण दुसरा फ्रीज नव्हता.

शेजारच्या मुसलमान कुटुंबात मुलीचं लग्न ठरलं. मेंदीच्या दिवशी घरातल्या सगळ्या पोरींना एकसारख्या ओढण्या हव्या होत्या, राणी रंगाच्या, पिवळ्या काठाच्या. नवरीच्या आईने, माझ्या शेजारणीने, त्या मला करायला सांगितल्या. मी राणी, पिवळा आणि दुसऱ्या कुणाच्या अभ्र्यांसाठी मोरपंखी असे रंग कालवून फ्रीजमध्ये ठेवले आणि ओढण्या बांधायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. माड पडले, विजेचे खांब आडवे झाले. लाईट कधी येईल ते कुणीच सांगेना. फ्रीज गरम व्हायला लागला. होती ती भुकटी सगळी कालवली होती, नवी मागवायची तर रस्ते बंद. मी पडवीत अर्ध्याच बांधून झालेल्या ओढण्यांच्या ढिगाशेजारी बसले आणि मला रडूच आलं.

शेजारीण घरावरची कौलं बघायला बाहेर आली होती. तिने मला पाहिलं.

“रडतंस कित्याक? हाड त्यो बाटल्यो. आमच्याकडे बरफ आसा मा!”

तिच्या नवऱ्याचा मासळीचा धंदा. बर्फाच्या कारखान्यात जनरेटर होता, त्यामुळे त्यांना बर्फ मिळत होता. मासळीच्या पेटीत रंग नको म्हणून तिने कडेला चिरलेली एक जुनी पेटी काढून दिली. ती आमच्या पडवीत आली. रोज सकाळी शेजारीण बर्फ द्यायची आणि वितळलेलं पाणी उपसायच्या सासूबाई. मी काही सांगितलं नव्हतं.

लाईट आली नाही, पण मेंदी जवळ आली. मी आधी चिंधीवर रंग लावून पाहिले. पिवळा ठीक, मोरपंखी ठीक. राणी मात्र धुतल्यावर फिक्कट गुलाबी झाला. बहुतेक फ्रीज गरम झाला तेव्हाच तो गेला असावा. मी चिंधी शेजारणीला नेऊन दाखवली. तिने ती उजेडात धरून पाहिली.

“दुसरो खंयचो जमात?”

“पिवळ्यात मोरपंखी घातलो तर हिरवो.”

“मगे हिरवोच कर. मेंदीक बरो दिसतलो.”

ओढण्या हिरव्या झाल्या, काठ पिवळे. पोरी खूश होत्या.

उरलेला राणी रंग मी ओतायला निघाले तेव्हा सासूबाई आतून आल्या. हातात त्यांचं पांढरं सुती लुगडं होतं. सासरे गेल्यापासून त्या पांढरंच नेसत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

“ओतू नको. ह्यां बुडय त्यात.”

“आई, रंग फिको येतलो.”

“फिकोच होयो.”

मी गाठी घालायला दोरा घेतला तर म्हणाल्या, नक्षी नको. लुगडं सोड्यात भिजवलं, रंगात घातलं, भरपूर पाण्यात धुतलं. जास्वंदीच्या जुन्या पाकळीसारखा रंग उरला. त्या बराच वेळ ते वाळत घातलेलं बघत उभ्या होत्या.

मेंदीला त्या तेच नेसून गेल्या. शेजारणीने त्यांना नवरीजवळ खुर्ची दिली आणि म्हणाली, “आज कशे दिसतास गो आये!” त्या लाजल्या, पण पदर सारखा करून बसून राहिल्या. बोटांच्या टोकांना मेंदीही लावून घेतली.

घरी परत येताना कुंपणापाशी थांबून मला म्हणाल्या, “दुसऱ्या लुगड्याक ताजो रंग घाल हां. जरा गडद.”