बिनसीझनचा समुद्र

गुडीहत्नूरच्या बाजारात एक साहेब दर रविवारी माझ्याकडे भाजी घेत. नाव मी कधी विचारलं नाही. मी तर भावसुद्धा खाली बघून सांगते. ते शेवग्याची शेंग दोन्ही हातांनी धरत, कंबर वळवून हवेत फिरवत आणि मगच पिशवीत टाकत. शेंग पारखायची ही शिकलेल्यांची रीत असेल, म्हणून मीही घरी तशी फिरवून पाहिली.

एकदा ते फोनवर मित्राला म्हणाले, "गोव्याला पावसाळ्यातच जाऊ. गोल्फ खेळू, समुद्र बघू. सीझन नसते, खोली अर्ध्या भावात."

समुद्र मला जन्मात एकदा पाहायचा आहे. पण तेव्हा मला त्यांचीच कीव आली. सीझन नसला की माझी कोथिंबीर दुप्पट भावानं जाते. न राहवून मी बोलले, "साहेब, फसून राह्यले तुमी. बिनसीझनचं महाग असते."

ते हसले नाहीत. "ताई, तिथं गिऱ्हाईकच नसते, म्हणून स्वस्त. तुमी बी जाऊन या. समुद्र काही कमी होत नाही."

लाजून मी त्यांना कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. ते गेल्यावर कळलं, तिकडे कोणती गाडी जाते हे विचारायचंच राहिलं.