तिच्या हातची पोपटी

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतसुद्धा मास्तरांनी कंटाळून ढकललेला. पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला तेवढी शाळा पुरते. लिहिताना तोंड कडू होतं, तरी लिहिणार.

आमचं गाव चौक आणि मोहोपाड्याच्या मधे. भात कापून झालं की त्याच रानात वाल पेरतात, आणि थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे, परत शेंगा. तोंडात पाला गच्च कोंबायचा, मडकं उलटं मांडायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सांगायला सोपं आहे, पण मिठाचा अंदाज चुकला किंवा पाला सैल राहिला की सगळं वाया. आमच्या आळीत मडकं भरायचं ते माझ्या बायकोनंच. तीस वर्षं दुसऱ्या कुणी त्यात हात घातला नाही.

जाळ बसला की मडकं काढायला ओला गोणपाट लागतो. चारेक वर्षांमागे ऐन वेळी गोणपाट सापडेना. हिनं सरळ दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि केळीच्या पानावर ओतलं. सगळे ओरडले. ही हसत म्हणाली, "काय नाय भाजत वो."

माझा पुतण्या रसायनीला कंपनीत आहे. त्यानं लगेच मोबाईल काढला.

"काकी, हात हाय का सांडशी? परत उचल गं, व्हिडिओ काढतो."

हिनं परत उचललं. पुढच्या वर्षीही उचललं. मग गोणपाट कुणी शोधेचना. पाहुणेरावळे बघायला यायचे, टाळ्या पडायच्या. मीसुद्धा छाती पुढं काढून सांगायचो, कष्टाचा हात आहे, असा हात शहरात मिळायचा नाही. घरी आल्यावर तिच्या तळव्याला फोड यायचे, फुटायचे, आणि तिला कळायचंही नाही. हात बधिर होऊन गेला होता आणि आम्ही त्याचा तमाशा करत होतो.

ते ओळखलं आशाताईनं. घरोघर तपासणीला आली होती. कोपरावरचा फिकट डाग बघून तिनं हिला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक लावलं. "कुठं लागलं सांगा मावशी." ही म्हणाली, "लाव की मग." ते लावून झालं होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. कुष्ठरोग आहे, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, बरा होतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलंय, ते मात्र सरळ होईलच असं नाही. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, घरात ताट-पेला काही वेगळं ठेवू नका.

मी गावात लपवलं नाही. आम्ही काय चोरी केली होती? कुणी विचारलं तर रोगाचं नाव घेऊन सांगितलं. तिथंच चुकलं म्हणतात लोक. चुकलं असेल, पण परत विचारलं तर परत सांगेन.

मग बघा गंमत. नळावर हिनं हंडा ठेवला की ती उठेपर्यंत बाया लांब उभ्या राहायच्या, आणि नंतर ती फरशी धुवून मग आपला हंडा ठेवायच्या. एका हळदीचं आमंत्रण आलं, "काका, तुमी एकटेच या." मी गेलो नाही. हा रोग म्हणे मागच्या जन्मीच्या पापाचा. या जन्मात तीस वर्षं हिच्या हातच्या शेंगा बोटं चाटून खाल्ल्या, त्याचा हिशेब कुठल्या जन्मात?

वर्ष संपलं, गोळ्या संपल्या, डॉक्टरीणबाईंनी कार्डावर बरी झाली म्हणून लिहून दिलं. पुन्हा थंडी आली. पुतण्या फाटकाशी आला. आत आला नाही.

"काकी, मडकं कसं भरायचं ते सांग ना जरा. तू नको येऊ, तुला दगदग. ओट्यावरूनच सांग."

आणि हिनं सांगितलं! रस्त्यापलीकडच्या खळ्यात ते मडकं भरतायत आणि ही ओट्यावर बसून ओरडतेय, "मीठ अजून मूठभर! पाला दाब रं, दाब!" मी घरात दात खात बसलो. उन्हं कलताना फाटकाला प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली दिसली. आमचा वाटा. साधी हाकसुद्धा मारली नव्हती. चावऱ्या कुत्र्याला लांबून तुकडा टाकतात तसं.

मी पिशवी उचलून गटारात टाकायला निघालो, तोंडानं शिव्या चालू. ही म्हणाली, "ठेवा ती खाली. अन्न हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना शिव्या देताय, आन् माझा पेला खिडकीत कोण ठेवतं वो?"

मीच ठेवत होतो. दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून. तिचा पेला खिडकीत, बाकीचे फळीवर. वर्षभर ती मुकाट्यानं खिडकीतून पेला घेत होती आणि मी गावाला नावं ठेवत होतो. त्या दिवशी मला स्वतःची जी किळस आली ती अजून गेलेली नाही. पेला उचलून फळीवर ठेवला. तिनं कौतुक करावं असं मी काही केलंही नव्हतं.

यंदा पोपटी मी माझ्याच अंगणात लावली. शेंगा, पाला, मडकं मी आणलं, भरलं तिनं. वाकलेल्या बोटांनी पाला कोंबायला वेळ लागला, पण मी हात लावला नाही. भिजवलेला गोणपाट तेवढा आधीच आणून ठेवला होता. आळीत वास गेला. पुतण्या फाटकाशी येऊन घोटाळायला लागला.

"काका, आमच्या पोपटीला ही चव येत नाय."

"येणार कशी? खायची असंल तर आत ये, तिच्या हातनं घे. पिशवी मिळणार नाय."

तो आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. हिनं ओंजळभर गरम शेंगा त्याच्या हातावर घातल्या. एक सोलली, दुसरी सोलली, मग भराभर खायला लागला. "काकी, मस्त गं," म्हणाला. ही खुलली. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तो उठला आणि आमच्या नळावर गेला. साबण घेतला, एकदा लावला, धुतला, परत लावला, पार कोपरापर्यंत. दिवसभर कंपनीत नाक जाळणारे वास घेणारा माणूस, तो घरी येऊन असे हात धूत असेल का? मी बघितलं. हिनंही बघितलं. ती मडक्यातल्या उरलेल्या शेंगा पानावर झाडत म्हणाली, "धुऊ दे. खाल्ल्या ना?"

तिला तेवढं पुरलं. मला पुरत नाही. नळावरचा साबण मी त्याच दिवशी आत नेऊन ठेवला. पुढच्या थंडीत पोपटी माझ्याच अंगणात लागेल, मडकं तीच भरेल, आणि खाणाऱ्यानं हात धोतराला पुसावेत, नाहीतर चाटावेत.