खिचडीवाल्या मावशींचा झेंडा

सव्वीस जानेवारीच्या सकाळी हिंगणीच्या एसटीत सेलूला एक मावशी चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. अंगावर कडक इस्त्रीची पिवळी साडी, आणि हातांना सारखा चाळा.

"साडी पोरीची हाय," त्यांनी आपणहून सांगितलं. "शाळेत खिचडी शिजवतो मी. यंदा झेंडा मलेच फडकवाचा हाय." मग हळूच, "दोरी कशी वढाची जी? हळू, का झटक्यानं?"

मला कुठे माहीत! कंडक्टरनं हसत घंटीची दोरी दाखवली. "हे वढून पाहा ना, माय!"

मावशींनी उभं राहून पदर खोचला आणि दोरी ओढली. टण्ण! ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळी बस हसली. सगळ्यात जास्त मावशीच हसल्या, तोंडाला पदर लावून.

हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "आजवर जनगणमन शाळेमागं चुलीपाशी उभं राहूनच आयकलं. झेंडा उघडताना कधी पाह्यलाच नाई."

शाळा रस्त्यालगतच होती. मावशी उतरल्या, पण ड्रायव्हरनं बस पुढे काढली नाही. आम्ही सगळे खिडक्यांशी जमलो. मावशींनी बेतानं दोरी ओढली. झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या केसांवर पडल्या. राष्ट्रगीत सुरू झालं, तसे आम्ही बसमध्येच ताठ उभे राहिलो. सलाम करायचं मावशींना सुचलंच नाही. मान वर करून त्या नुसत्या बघत होत्या.

दरवर्षी ध्वजवंदनाला उभा असताना मी ते संपायची वाट बघतो. त्या दिवशी ते संपूच नये, असं वाटलं.