सरांचं निम्मं प्रमेय

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अळणावरहून गाडीनं रोज धारवाडला यायचे, गणितात पीएच.डी. करायला. "हे शिकून बँकेत घेतात काय?" असं डब्यातल्या बायका विचारायच्या. मी तोंड वाकडं करून खिडकीबाहेर बघायचे.

विषय सांगायला सोपा. एखादा आवाज सुट्या सुरांत मोडायचा, प्रत्येक सूर ठरावीक पटीनं कमीजास्त करायचा, पुन्हा सगळे जोडायचे, आणि जोडलेलं हाताबाहेर जात नाही हे सिद्ध करायचं. आम्ही हेच करत होतो, पण आवाजाऐवजी अशा राशींवर, ज्यांच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं. फोडणीत तेल आधी, मोहरी नंतर, तसं. माझ्या मार्गदर्शक सरांची युक्ती फार सुंदर होती. एक गट, म्हणजे गणितातला 'ग्रुप', घ्यायचा, त्याच्या क्रियेनं राशी फिरवायच्या, प्रश्न त्या ओळखीच्या गटावर न्यायचा, तिथं सोडवून परत आणायचा. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी सुभाष रोडवरून एकटीच हसत चालले होते.

विभागात शनिवारी चर्चा व्हायची. रीत अशी की शंका काढणाऱ्यानं खडू घ्यायचा आणि सांगणाऱ्यानं बाकावर बसायचं. एका शनिवारी, ज्या पायरीवर माझा अख्खा प्रबंध उभा होता, तीच सर फळ्यावर मांडत होते. मला दिसलं की डावीकडचा गुणाकार त्यांनी सवयीनं उजवीकडं नेलाय. साध्या संख्यांत ते चालतं, इथं नाही. बोलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"सर, क्रम बदलला."

सरांनी ती ओळ बोटानं पुन्हा तपासली. मग म्हणाले, "होय की! बा तंगी, ये बहिणी, घे खडू," आणि पहिल्या बाकावर पोरांच्यात जाऊन बसले. एवढा मोठा माणूस इतक्या सहज खाली बसलेला मी पाहिला नव्हता. पुढं आम्ही त्या प्रमेयाशी वर्षभर झगडलो. निम्मं प्रमेय वाचलं, निम्मं गेलं.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "आराखड्यात प्रमेय दुप्पट मोठं होतं. कमी का पडलात?" पदवी इथंच अडकणार असं वाटलं. मी तोंड उघडायच्या आत सर उभे राहिले.

"गेलं ते माझं होतं, आणि चुकीचं होतं. उरलंय ते हिचं आहे."

परीक्षकांनी अहवालावर सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मी पदवीचं विसरून सरांकडंच बघत होते. फार अभिमान वाटला मला, त्यांचा.