दादाची हवा

तीस मीटर पाण्याखाली एका श्वासाला वरच्या चार श्वासांइतकी हवा लागते. हे मला पाठ होतं. तरीही मागल्या हिवाळ्यात मुरुडेश्वरजवळच्या बेटापाशी बुडी मारली तेव्हा सगळ्यांत आधी माझ्याच टाकीचा हवेचा काटा लाल रेघेशी आला आणि प्रशिक्षकाने सगळ्यांनाच वर काढलं. धाकट्या भावाला जी कपार बघायची होती ती समोर दिसत होती. होडीत चढल्या चढल्या तो ओरडला, "दादाची हवा संपली!"

सगळी होडी हसली. आम्ही बदलापूरला पोचायच्या आत ते वाक्य पोचलं होतं. साखरपुडा असो, बारसं असो, कोणीतरी विचारायचंच, "काय दादा, हवा भरली का?" आमच्याकडे हवा म्हणजे वट. अंबरनाथ एमआयडीसीत एका जुन्या लेथवर सुरुवात करून मी पितळी फिटिंगचा कारखाना उभा केला. माझ्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. आता व्याहीसुद्धा बोलायला लागले.

मग ठरवलं, भाड्याची टाकी बंद. स्वतःची घ्यायची, मोठी. आणि दोन घ्यायच्या, एक त्याला. म्हणजे पुढच्या वेळी त्यालाही टाकीचं कारण सांगायची सोय नको.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की पाण्यात वर उचलते, मग कमरेला जास्त शिसं बांधा. पोलादी टाकी शेवटपर्यंत जड राहते. म्हणून पोलादी. व्हॉल्व्हही असा हवा, की तोंडाशी हवा पोचवणारा रेग्युलेटर वरून चिमट्यात न आवळता आट्यांनी आत फिरवून बसवता येईल. खडकावर आपटला तरी तो जागचा हलत नाही.

शेजारच्या सिंधी बाजारात, कॅम्प तीनला, समुद्री सामानाचा एक व्यापारी आहे. टाक्यांवरचे तपासणीचे शिक्के मी नखाने खरवडून पाहिले, तेव्हाच त्याने ओळखलं की हे गिऱ्हाईक लवकर उठणार नाही.

"व्हॉल्व्ह काढा," मी म्हणालो. "नुसत्या टाक्यांचं बोला."

"साईं, गाडी घेतली तेव्हा चाकं पण वेगळी घेतली काय?"

"तुम्ही विकत असता तर घेतली असती."

जोडलेल्या वस्तूत नफा कुठे लपलाय ते दिसत नाही, म्हणून मी सगळं सुटं घेतो. व्हॉल्व्ह घेतले कॅम्प एकच्या दुकानातून. "पाऊणचे दोन" असं सांगितलं. टाक्यांच्या गळ्यांचे आटे पाऊण इंची होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्हॉल्व्ह बसवत होतो. टाक्या भरून आणायला धाकटा गाडी घेऊन आला होता. पहिला व्हॉल्व्ह घट्ट, छान बसला. दुसरा त्याहून सहज फिरला आणि थेट काठाला टेकला.

"बसला ना? दे इकडे," धाकटा म्हणाला. "हवा भरणारा कंप्रेसरवाला दुकान बंद करेल."

पण व्हॉल्व्ह फारच गोडीत गेला होता. मी हात काढला नाही. उलटा दोन फेरे सोडून हलवून पाहिला, तर किंचित खटखट.

"दादा, आता त्याच्याशी पण घासाघीस?"

मी बाहेर काढून आट्यांना मापाचा गेज लावला. टाकी पाऊण इंची, व्हॉल्व्ह पंचवीस एमएमचा. पाऊण इंची आटा नावालाच पाऊण, मोजला तर सव्वीस एमएमच्या वर भरतो. नखाच्या जाडीएवढा फरक. टाकी रिकामी असताना तो बसल्यासारखा दिसतो. आत दोनशे बार दाब भरला की आटे सोडून गोळीसारखा उडतो. भरताना टाकीजवळ कोण उभं राहणार होतं, ते मी त्याला सांगितलं. तो स्टुलावर बसला. गेज स्वतः पुन्हा लावून बघू लागला.

मी मात्र तडक कॅम्प एक गाठला. पाहिजे तेवढा आवाज चढवला. समोरचे जीन्स विकणारे त्यांच्या शटरपर्यंत आले.

"पाऊण मागितला, पाऊण दिला!" दुकानदार म्हणाला.

"पंचवीसला पाऊण म्हणतोस?"

"सगळा कॅम्प म्हणतो, साईं. वापरून बघितला काय कोणी?"

शेवटी योग्य व्हॉल्व्ह मिळाला, वर व्हॉल्व्हच्या तोंडाला लावायच्या दोन टोप्या फुकट काढल्या. दोन्ही व्हॉल्व्ह त्याच्या काउंटरवरच गेजने तपासले आणि मगच उठलो.

या हिवाळ्यात पुन्हा त्याच बेटावर गेलो. निघायच्या आधी धाकट्याला म्हणालो, "होडीच्या भाड्याचं यंदा तू बघ." गेल्या वेळी ते मी केलं होतं, नि पाण्यात उतरलो तेव्हा डोकं तापलेलंच होतं. तापलेला माणूस हवा भराभर पितो. तो होडीवाल्याशी अर्धी सकाळ भांडला. कान लाल करून माझ्या बाजूला उतरला.

खाली कपार होती. तिच्यात एक भला मोठा मासा तोंड उघडं टाकून स्वस्थ पडला होता. टाकी पाठीला घट्ट होती, श्वास सावकाश चालला होता, माझा काटा निम्म्यावर होता. तेवढ्यात धाकट्याने मूठ छातीवर आपटली. हवा कमी. मी शांतपणे अंगठ्याने वर जायची खूण केली आणि त्याच्या जोडीने वर निघालो.

होडीत तो माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "बोल ना."

"काय?"

"वर्षभर पाठ केलंयस ते."

"इथे कोण आहे ऐकायला?" मी टाकीचा पट्टा सोडवत म्हणालो. "मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे बदलापूरला."