सारं गाव एका गटाचं

सौंसरच्या आमच्या बौद्ध वस्तीत रक्तगट तपासणीचं शिबिर भरलं, त्याचं पत्रक मीच लिहिलं होतं. रक्ताला जात नसते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढीच माझी जिद्द. नागपूरहून दोन बाटल्या आल्या, एक निळी, एक पिवळी. त्यातला थेंब मिसळला की रक्त दह्यासारखं फाटतं की नाही, यावरून गट कळायचा; दोन्हींत फाटलं नाही तर ओ. बाटल्या थंड ठेवायच्या, म्हणून आम्ही त्या कुल्फीवाल्याच्या बर्फपेटीत ठेवल्या. सकाळी पाहतो तर दगड. मग चहाच्या उकळत्या पाण्यात धरून मोकळ्या केल्या.

त्या दिवशी कोणाचंच रक्त फाटलं नाही. शेतमजूर, मास्तर, किराणावाल्या सेठच्या घरचे, सगळे ओ. आम्ही कार्डं लिहून देत गेलो. मी जमिनीवर नव्हतोच. बाजारातून येणारा प्रत्येक माणूस मला नात्यातला वाटत होता. 'सारं गाव एका रक्ताचं', दुसऱ्या पत्रकाची ओळ मनात तयारही झाली.

संध्याकाळी, आम्हाला तपासणी शिकवणारा दवाखान्यातला तपासनीस आला. त्यानं स्वतःचं बोट टोचलं. ओ.

"मी तं बी आहो. बाटल्यांचं काय करून ठेवलं बे?"

आम्ही सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "हे बाटलीतलं औषध माणसाच्या रक्तातूनच काढते. उकळलं का मेलं. आता हे कार्ड पाहून कोणी रक्त देलं तं माणूस जाईन!"

मी कार्डं परत मागत निघालो. ऊन उतरत होतं, रस्ता तरंगल्यासारखा दिसत होता. वाटलं, रक्ताचा गट ओळखणारं काहीतरी माणसानं रक्ताविनाच घडवावं, कोरडं, मिठासारखं. खिशात घालून भर उन्हात शेजारच्या बोरगावला न्यावं, तरी ते गट ओळखायला विसरणार नाही.

एक म्हातारी मजूर आजी कार्ड देईना.

"काऊन? सेठाचं अन् माझं एकच निघालं, तं तुले पोटात दुखून राहिलं का?"

"नाही आजी. तपासणी चुकली. चूक माझी आहे. हे खोटं कार्ड कोणाचा जीव घेईल."

तिनं बुद्धाच्या तसबिरीमागून कार्ड काढलं, जरा वेळ धरून ठेवलं.

"ने बाप्पा. माह्यापायी कोणी मराले नाही पाह्यजे." मग बोट पुढे केलं. "टोच पुन्हा. आता खरं सांग."

माझ्याजवळ सुईसुद्धा नव्हती. मी ते खरबरीत बोट नुसतं धरून उभा राहिलो.