डागी माल, अडीच सेंटीमीटर

लातूरच्या मार्केट यार्डात मल्लिनाथअप्पांनी चाळीस वर्षं पोती भोसकली. हे मी कौतुकानं सांगतोय. परखी नावाची टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, मूठभर तूर तळहातावर उतरवायची आणि मालाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. तेही एकदा नाही. वरून, मधून आणि बुडातून अशी तीनदा परखी जायची. अप्पांनी 'डागी' म्हटलं की खरेदीदार पुढच्या पोत्याकडे सरकायचा. शेतकरी गयावया करायचा, "अप्पा, काढलेली मूठ तरी पोत्यात परत टाका की." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "नमुना म्हंजी नमुना. परत न्हाई."

मी तिथलाच मापाडी, धम्मानंद. माल तोलायचा परवाना माझ्याकडे आहे, माणसं तोलायचा नाही. पण ती सवय सुटत नाही. अप्पांइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतका जवळचा मित्रही मला नाही.

गेल्या वर्षी त्यांचं अंग उतरायला लागलं. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला. यार्डानं लगेच निकाल दिला की अप्पा चोरून पीत असणार. ताकाच्या पुढे कधी न गेलेल्या माणसावर ही वेळ! मी दोघातिघांशी भांडलो. मग अप्पा, त्यांच्या पत्नी गुरम्मा आणि मी असे तिघं एसटीनं नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं रक्त तपासलं, सीटी स्कॅन झाला.

तिथल्या डॉक्टर लुंबिनी वयानं लेकीसारख्या, बोलायला सरळ. "अप्पा, तुमच्या अंगात बऱ्याच वर्षांपासून हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. त्यानं लिव्हर आतून कडक झालंय, आणि त्यात अडीच सेंटीमीटरची गाठ आहे. कॅन्सरची."

गुरम्मांनी माझा दंड घट्ट धरला. अप्पांनी विचारलं, "नमुना कुठून काढला?"

"काढला नाही. सीटी स्कॅनच्या वेळी तुमच्या शिरेत औषध सोडलं होतं ना? गाठीनं ते झटकन ओढलं आणि बाकी लिव्हरच्या आधी सोडूनही दिलं. कडक झालेल्या लिव्हरमध्ये असं दिसलं की नमुना लागत नाही. उगाच टोचलं तर रक्त वाहू शकतं, सुईच्या वाटेनं रोग सांडू शकतो."

"म्हंजी पोतं न टोचताच माल डागी म्हणून राहिले तुमी?"

डॉक्टरांनी हे पोतं काय ते मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाठ लहान आहे तोवर सुई थेट गाठीत घालून ती उष्णतेनं जाळता येते. तीन सेंटीमीटरच्या पुढं गेली, रक्तवाहिनीत शिरली, तर हा उपाय पुरा पडेलच असं नाही. मग वेगळी औषधं, मोठे उपचार. उशीर करू नका."

"नमुन्याला सुई नको आन् जाळायला चालती?"

"जाळून झाल्यावर सुई बाहेर काढताना तिची वाटही जाळत येतो, अप्पा."

सौदा चालल्यासारखं वाटून मला हसू आलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

आमच्या यार्डात मालावरून वाद झाला की पाच जण बसून निवाडा करतात. अप्पांनी लातुरात आल्या आल्या आपल्या लिव्हरचा वाद पाचांपुढे टाकला. सौद्याच्या शेडमध्ये तारेला चिमट्यानं सीटीची फिल्म टांगली. पहिली पंधरा मिनिटं ती उलटी होती, तरीही उदगीरच्या दलालानं मालाची प्रत मध्यम असल्याचं सांगितलं. एकानं ओलावा विचारला. एका हमालानं फिल्मवरच्या काळ्या भागाला कीड म्हटलं; ते अप्पांचं फुप्फुस निघालं. शेवटी ठराव झाला, 'नमुन्याशिवाय दिलेला निकाल यार्डास अमान्य.' पाच सह्यांतली तिसरी माझी. मित्राची बाजू घेतोय असं मला वाटलं होतं. गाढवपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

ठराव रजिस्टर पोस्टानं नांदेडला गेला आणि अप्पा लेखी उत्तराची वाट बघत बसले. एक आठवडा, दोन, पाच. डॉक्टर लुंबिनी दर सोमवारी गुरम्मांना फोन करायच्या, "आणताय ना?" गुरम्मा पदराआड रडून घ्यायच्या आणि अप्पांना ताक द्यायच्या. रात्रभर मला ते अडीच सेंटीमीटर दिसायचे. तिसरी सही माझी होती.

सहाव्या आठवड्यात गुरम्मा उठल्या. "चला," म्हणाल्या, आणि आम्हा दोघांना ऑटोत घालून डाळ मिलमध्ये घेऊन गेल्या. याच मिलमध्ये त्यांनी वीस वर्षं डाळ निवडली होती. मग सॉर्टेक्स आलं. हे मशीन कॅमेऱ्यानं प्रत्येक दाणा बघतं आणि खराब दाणा फुंकर मारून बाहेर उडवतं. त्या दिवशी चाळीस बाया घरी बसल्या. गुरम्मा त्यांच्यातल्याच. त्यानंतर मिलच्या रस्त्यानं जायचं झालं तर त्या तोंड फिरवायच्या.

आता त्या मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. डाळ धारेनं खाली येत होती, काळे दाणे बाजूला उडत होते.

"ह्यानं परखी कुठं मारली?" त्यांनी विचारलं.

अप्पा वाकून डाळीची धार बघायला लागले.

"आमचं काम गेलं तवा तुमी काय म्हणले व्हते? आठवतंय का?"

"त्ये निराळं."

"निराळं काय न्हाई. 'मशीन चुकत न्हाई गुरम्मा, तुमी बाया चुकता,' असं म्हणले व्हते. मी दोन दिवस जेवले न्हाई. आता हितं सांगा, मशीन चुकतंय. म्हंजी मी उद्यापासून कामावर येते, आन् तुमी मरा खुशाल."

मिलमध्ये आवाज इतका की कुणाला काही ऐकू गेलं नसेल. आम्हा दोघांना गेलं. अप्पांनी हातात दाणे घेतले, सवयीनं उलटेसुलटे केले, खाली टाकले आणि म्हणाले, "नांदेडची पहिली गाडी कितीला हाय?"

नव्या स्कॅनमध्ये गाठ दोन पूर्णांक आठ भरली. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. अप्पांना झोपेचं औषध देऊन सोनोग्राफीत बघत सुई आत घातली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "वरून गेली का मधून?" महिन्यानं पुन्हा तपासलं, गाठ मेलेली होती. डॉक्टरांनी पेढा मात्र घेतला नाही. म्हणाल्या, "बाकीचं लिव्हर तेच आहे, अप्पा. दुसऱ्या जागी पुन्हा उगवू शकतं. विषाणूची गोळी चुकवायची नाही आणि दर तीन महिन्यांनी यायचं." अप्पांनी मान डोलावली.

"आता घरच्यांचं रक्त. हा विषाणू नवराबायकोत पसरू शकतो. मावशी, बसा."

गुरम्मांनी हात पुढे केला. लाखभर पोत्यांत परखी घातलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एक नळी भरली, दुसरी भरली. तिसरी लावताना अप्पा वळले. त्यांनी डॉक्टरांच्या टेबलाची कड धरली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, तपासून उरलं तर तिच्यात परत घाला."